टाइल्सच्या वाड्यात जेवायला जाताना: मेक्सिको सिटीतल्या कासा दे लोस आसुलेहोसची पायरी-पायरीने तयारी

आम्ही ह्यूस्टनला राहतो. भारतातून कुणाचे आई-बाबा आले की चार दिवस मेक्सिको सिटीला जाऊन यायचं, असा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांचा बेत असतो. तिथे जुन्या शहरात मादेरो रस्त्यावर निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढवलेला एक वाडा आहे, कासा दे लोस आसुलेहोस. ओरिसाबा खोऱ्याच्या काउंट घराण्याचं हे शहरातलं घर. १९१९पासून त्यात सानबोर्न्सचं दुकान आणि रेस्टॉरंट आहे. घर बघायला तिकीट नाही, आणि चौकात बसून जेवताही येतं.

जाऊन आलेल्या लोकांशी बोलले की मला वाईट वाटतं. घाईघाईने आत गेलो, मिळालं ते टेबल घेतलं, जेवलो, वर काचेच्या छताचा फोटो काढला आणि निघालो, असंच बहुतेकजण सांगतात. जिन्यावरचं ओरोस्को या मेक्सिकन चित्रकाराचं भित्तिचित्र बघितलंच नाही, गल्लीच्या बाजूची भिंत बघितली नाही, आणि शाकाहारी म्हणून जे मागवलं त्यात कोंबडीचं पाणी होतं. या सगळ्या चुका क्रमाच्या आहेत. आधी बाहेरून घर, मग जिना, मग टेबल, मग पदार्थांची चौकशी आणि त्यानंतर ऑर्डर. हा क्रम पाळला की दोन-अडीच तासांत सगळं नीट होतं.

१. निघण्याच्या आदल्या दिवशी: नाव, वार, वेळ

नाव नीट लिहून घ्या. नकाशात नुसतं सानबोर्न्स टाइप केलं तर चूक ठरलेली. या नावाच्या शाखा शहरभर आहेत आणि जुन्या शहरातही एकाहून जास्त आहेत. तुम्ही भलत्याच शाखेत जाऊन बसाल आणि टाइल्स कुठे आहेत म्हणून शोधत राहाल. शोधताना घराचं नाव वापरा. उच्चार आसुलेहोस असला तरी स्पेलिंग ए, झेड, यू, एल, ई, जे, ओ, एस असं आहे. स्पॅनिशमध्ये झेडचा 'स' होतो आणि जेचा 'ह'. पत्ता मादेरो रस्ता, क्रमांक ४.

वार. रविवार टाळा. त्या दिवशी दुपारी अख्खी मेक्सिकन कुटुंबं आजी-आजोबांसकट जेवायला बाहेर पडतात आणि मादेरोवर पाय ठेवायला जागा नसते. जवळचं बेयास आर्तेस संग्रहालय त्याच दिवशी करायचं असेल तर सोमवारही नको, कारण सोमवारी ते बंद असतं. मंगळवार ते गुरुवार सगळ्यात बरं.

वेळ. आपल्या सवयीचा इथे फायदा होतो. मेक्सिकोत दुपारचं मुख्य जेवण, म्हणजे कोमिदा, दोननंतर सुरू होतं आणि चार-पाचपर्यंत चालतं. आपल्याला साडेबारालाच भूक लागते. सकाळची न्याहारी उरकलेली आणि कोमिदा अजून सुरू न झालेली, अशी बारा ते दीडची वेळ धरा. टेबल लवकर मिळतं, वाढणाऱ्या बायकांना तुमचे प्रश्न ऐकायला सवड असते आणि काचेच्या छतातून चौकात सरळ उजेड येतो. जून ते सप्टेंबर या काळात दुपारनंतर पाऊस येतो, म्हणून तेव्हा तर ही वेळ सोडूच नका.

पहिल्याच दिवशी हा बेत ठेवू नका. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. विमानातून उतरल्यावर पहिल्या दिवशी वयस्कर माणसांना धाप लागते, डोकं जड होतं आणि चीजचं जड जेवण पचत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी जा.

> तपासून घ्या: भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी नियम निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचा. आई-बाबांचा अमेरिकी व्हिसा परत येण्याच्या तारखेलाही चालू आहे ना आणि त्यावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची सोय आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

२. जेवणाची चिठ्ठी: ही घरूनच करून न्या

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. टेबलावर बसल्यावर फोन काढून भाषांतर करत बसलं की घाई होते आणि घाईत अर्धंच विचारलं जातं.

आमच्या सासूबाईंना एकदा शहराच्या दुसऱ्या भागात एका छोट्या खाणावळीत आम्ही राजम्यासारख्या काळ्या घेवड्याच्या घोटलेल्या बिया मागवून दिल्या. मांस नाही ना, एवढंच मी विचारलं. नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी आवडीने खाल्ल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज सांगितलं की इथे बिया डुकराच्या चरबीत परततात, म्हणून चव आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त ताट बाजूला सारलं आणि त्या दिवशी पुढे काही खाल्लं नाही. चूक माझी होती. मी प्रश्नच अपुरा विचारला होता.

म्हणून चिठ्ठीत हे चार मुद्दे हवेत.

पहिला, मांसाचं नाव वेगवेगळं घ्या. 'कार्ने' म्हणजे मांस, पण बोलण्यात त्याचा अर्थ पुष्कळदा नुसतं गोमांस किंवा डुकराचं मांस असा घेतला जातो. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढंच म्हटलं तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं. पूर्ण वाक्य म्हणा: नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन. मांस, कोंबडी, मासे, हॅम यातलं काहीही खात नाही.

दुसरा, चरबी. येवा मान्तेका? यात डुकराची चरबी आहे का? इथे एक फार जवळचा शब्द घात करतो. मेक्सिकोत *मान्तेका* म्हणजे चरबी आणि *मान्तेकिया* म्हणजे लोणी. वाढणारीने मान्तेका म्हटलं आणि तुम्ही मान्तेकिया ऐकलं, तर नको तो पदार्थ पोटात जातो. उत्तर आलं की तो शब्द सावकाश परत म्हणवून घ्या.

तिसरा, पाणी कशाचं. एस्ता एचो कोन काल्दो दे पोयो? हे कोंबडीच्या पाण्यात केलंय का? लाल भात, टॉर्टियाचं, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीचं सूप, मोले हा मिरची-मसाल्यांचा दाट रस्सा आणि काही साल्सा, म्हणजे चटण्या, या सगळ्यांत कोंबडीचं पाणी असणं तिथे अगदी साधी गोष्ट आहे. भातात भाज्याच दिसतात म्हणून तो शाकाहारी धरू नका.

चौथा, अंडं. अंडं म्हणजे *वेवो*. न खाणाऱ्यांनी सिन वेवो म्हणायचं. चिले रेयेनो, म्हणजे चीज भरलेली मोठी मिरची, बघून आपल्याला भरल्या मिरचीची आठवण होते. पण तिच्यावरचं आवरण फेटलेल्या अंड्याचं असतं. फ्लान आणि त्रेस लेचेस या गोड पदार्थांतही अंडं असतं.

हे सगळं स्पॅनिशमध्ये भाषांतर करून एका स्क्रीनवर मावेल असं ठेवा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढा. इंटरनेट गेलं तरी दाखवता येतो. पुरुष स्वतःला *बेहेतारियानो* म्हणतो, बाई *बेहेतारियाना*. हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. खरं काम पुढचे चार मुद्दे करतात.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना इथे अवघड आहे, कारण जवळजवळ प्रत्येक साल्सात दोन्ही असतात. त्यांनी फळांची बशी, नुसता आवोकादो, मक्याच्या टॉर्टिया आणि चीज यावर भागवायचं आणि पोटभर जेवण हॉटेलच्या खोलीत थेपल्यांवर करायचं, असं आधीच ठरवून ठेवलं तर कुणाचा हिरमोड होत नाही. संकष्टी आली असेल तर पपईवर लिंबू पिळून घ्या. ते तिथेही असंच खातात.

३. पोचणं

मेट्रोचं स्टेशन बेयास आर्तेस. तिथे २ आणि ८ या दोन मार्गिका थांबतात. भाडं ५ पेसो, पण त्यासाठी प्रवासाचं कार्ड घ्यावं लागतं. चौघांत एक कार्ड चालतं, प्रत्येकाने आत जाताना टेकवायचं. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात, तेव्हा आईला आणि सासूबाईंना घेऊन तिकडेच चढा. पुरुषांनी पाकीट पुढच्या खिशात ठेवायचं.

वर आलात की मोठा रस्ता एहे सेंत्राल ओलांडा. कोपऱ्यावर तोर्रे लातिनोआमेरिकाना हा उंच मनोरा दिसेल. तो उजव्या हाताला ठेवून मादेरोत शिरा. डावीकडे आधी ग्वार्दिओला ही दगडी इमारत लागते, मग एक अरुंद गल्ली आणि गल्लीच्या पलीकडे टाइल्सचं घर.

> सावधान: टॅक्सीवाल्याला मादेरो ४ असा पत्ता देऊन दारात सोड म्हणून सांगू नका. मादेरो २०१०पासून फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. गाडी फिरत राहते आणि शेवटी लांब कुठेतरी उतरवते. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर घराच्या मागच्या बाजूच्या सिंको दे मायो रस्त्यावर उतरवायला सांगा.

४. आत जाऊ नका, आधी बाहेरून

दारात पोचल्यावर सगळ्यांचे पाय आपोआप आत वळतात. तिथेच थांबा. जेवून बाहेर आल्यावर बघू म्हटलं की ते होत नाही. तोवर तीन वाजलेले असतात, रस्ता भरलेला असतो आणि आई-बाबांना झोप आलेली असते.

घराला तीन मोकळ्या बाजू आहेत. मादेरोकडची दर्शनी बाजू समोरच्या सान फ्रान्सिस्को चर्चच्या बाजूला जाऊन बघा, तरच वरच्या कठड्यापर्यंत नजर पोचते. भिंतीजवळ उभं राहून मान वर केली तर नुसत्या बाल्कन्यांचे तळ दिसतात.

मग डावीकडच्या गल्लीत जा. तिचं नाव कायेहोन दे ला कोंदेसा, म्हणजे काउंटेसची गल्ली. फोटो काढणारे लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत, म्हणून हातभर अंतरावर जाऊन टाइल बघायला हीच जागा. पुएब्ला शहरातल्या तालावेरा, म्हणजे झिलई दिलेल्या मातीच्या कामाच्या या टाइल्स, निळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या. घराला त्या लागल्या १७३७च्या सुमारास. तिरपा उजेड असेल तर निळा रंग पांढऱ्यापेक्षा किंचित उचललेला दिसतो, रांगोळीची रेघ जमिनीवर उठून दिसते तसा. शेजारशेजारच्या दोन टाइल्सवरचं एकच फूल नीट बघा. एकीत पाकळी जाड आहे, दुसरीत कुंचला जरा लवकर उचललाय. हाताने रंगवलेलं आहे ते असं कळतं. बोट लावू नका. तीनशे वर्षांचं काम आहे आणि रोज हजारो माणसं इथून जातात.

गल्लीतून पुढे गेलं की सिंको दे मायो रस्ता आणि घराची तिसरी बाजू. टाइल्स सारख्याच वाटतात, पण हा भाग नंतरचा आहे. दोन मिनिटं पुरे. वळून मादेरोकडे परत या आणि मुख्य दाराने आत शिरा.

या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चालणं अवघड असलेल्यांना चर्चच्या बाजूने दर्शनी भाग दाखवून सरळ आत न्या, गल्ली एकाने जाऊन फोटो काढून आणली तरी चालेल.

५. टेबल मागण्याआधी जिना

आत शिरल्यावर पहिल्यांदा दुकान लागतं. पुस्तकं, औषधं, मिठाई, भेटवस्तू. पुष्कळांना वाटतं, चुकीच्या ठिकाणी आलो. नाही. तसंच पुढे चला, दगडी खांबांचा चौक दिसेल.

वाड्यात वाढलेल्या माणसाला हा चौक लगेच ओळखीचा वाटतो. मधे मोकळी जागा, भोवती सोपे, वर माडीचा कठडा. फरक इतकाच की इथे डोक्यावर काच घातली आहे आणि खाली टेबलं मांडली आहेत. चौकाच्या भिंतींवर मोर रंगवले आहेत, तेही बसण्याआधी एकदा फिरून बघा. टेबलावरून अर्धेच दिसतात.

आता जिना. तिथे भिंतीवर होसे क्लेमेंते ओरोस्कोने १९२५ साली रंगवलेलं *ओम्नीसिएन्सिया*, म्हणजे सर्वज्ञता, हे चित्र आहे. दोन चुका इथे होतात. एक, लोक हे दिएगो रिवेरा या दुसऱ्या प्रसिद्ध चित्रकाराचं समजतात, कारण राष्ट्रीय राजवाड्यातली त्याची चित्रं आदल्या दिवशी बघितलेली असतात. दुसरी, चढता चढता मोबाइल वर धरून फोटो काढतात आणि चित्र तिरकं, कापलेलं येतं. आधी खालच्या पायऱ्यांवर कडेला उभे राहून पूर्ण आकृत्या बघा. मग मधल्या टप्प्यावर जाऊन हात आणि चेहरे बघा. ओरोस्कोच्या चित्रात हातांकडे बघायलाच हवं. वाढणारी माणसं आणि ग्राहक या जिन्याने सतत ये-जा करतात, त्यामुळे कठड्याला लागून उभे राहा.

एक गैरसमज आधीच दूर करते. मेक्सिकोच्या क्रांतीच्या काळात झापाता या क्रांतिकारी नेत्याचे शेतकरी सैनिक सानबोर्न्सच्या काउंटरवर बसून न्याहारी करताहेत, हा फोटो प्रसिद्ध आहे. लोक इथे येऊन तो काउंटर शोधतात. फोटो १९१४चा आहे आणि सानबोर्न्स तेव्हा या घरात आलेलंच नव्हतं. शोधण्यात वेळ घालवू नका.

> तपासून घ्या: टेबलाकडे जाण्याआधी दर्शनी बाजू, गल्ली, मोर आणि जिन्यावरचं चित्र, चारही झालं का? वॉशरूमलाही आत्ताच जाऊन या. दारावर *एम* असेल तर ते मुहेरेस, म्हणजे बायकांचं. पुरुषांचं *एच*, ओम्ब्रेस. इंग्रजी सवयीने पुरुषमंडळी हमखास चुकतात. नळावरचा *सी*सुद्धा गरम पाण्याचा, कालिएन्ते. लहान मुलांचे हात धुताना लक्ष असू द्या.

६. टेबल मागणं

स्वतःहून जाऊन बसू नका. चौकाच्या तोंडाशी बसवून देणारी व्यक्ती उभी असते, तिला सांगायचं. आधी बुएनास तार्देस म्हणा. बारानंतर हेच अभिवादन, त्याआधी *बुएनोस दियास*. अभिवादनाशिवाय थेट काम सांगणं तिथे उद्धटपणाचं वाटतं.

मग: मेसा पारा क्वात्रो, एन एल पातिओ, पोर फावोर. चौघांसाठी टेबल, चौकात. *एन एल पातिओ* विसरू नका. ते न म्हटल्यामुळे दुसऱ्या दालनात बसवलं जातं आणि मग उठून बदलून मागायचा संकोच होतो. चौकात जागा नसेल तर किती वेळ लागेल ते विचारा. वीस मिनिटं सांगितली तर थांबा, त्यापेक्षा जास्त असेल तर आई-बाबांना जिथे मिळेल तिथे बसवा. चौक तुम्ही बघितलेलाच आहे.

यादीत नाव द्यावं लागलं तर सोपं नाव सांगा. जयश्रीचं लिहून घेताना स्पेलिंगात जे आला तर हाक 'हायाश्री' अशी येईल आणि तुमचा नंबर निघून जाईल. मी 'आना' सांगते.

७. ऑर्डर

वाढणाऱ्या बायका रंगीबेरंगी पट्ट्यांच्या घोळदार पोशाखात असतात. त्यांना *सेन्योरिता* म्हणून हाक मारायची. टिचकी, शुक-शुक अजिबात नको. फोटो हवा असेल तर आधी विचारा, पुएदो तोमार उना फोतो? त्या कामावर असतात. नाही म्हणाल्या तर तिथेच सोडून द्यायचं.

मेनूकार्ड आलं की पहिली गडबड किमतीची होते. आकड्यापुढे डॉलरचंच चिन्ह असतं, पण ते पेसो आहेत. बाबांनी आकडा बघून मेनू मिटायच्या आत सांगून टाका.

दुसरी गडबड पाण्याची. आपण बाटलीबंद पाण्याला सरसकट मिनरल वॉटर म्हणतो. तिथे *आग्वा मिनेराल* म्हणजे सोड्यासारखं बुडबुड्यांचं पाणी. साधं पाणी हवं तर आग्वा नातुराल. लिंबू सरबत मागवलं तरी हाच प्रश्न येतो, नातुराल की मिनेराल. उत्तर तयार ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका.

आता जेवण. इथली ओळखीची डिश एन्चिलादास सुइसास. मक्याच्या टॉर्टियात कोंबडी भरून, वर तोमातियो या टोमॅटोसारख्या हिरव्या फळाचा साल्सा आणि क्रीम, त्यावर चीज घालून भाजलेलं. मांसाहारी असाल तर पहिल्यांदा तीच घ्या. शाकाहारींनी सिन पोयो, कोन केसो, म्हणजे कोंबडीऐवजी चीज घालून, असं मागायचं आणि लगेच साल्सासाठी काल्दो दे पोयोचा प्रश्न विचारायचा. आतलं सारण बदललं म्हणजे वरची साल्साही बदलली असं होत नाही. बहुतेक लोक इथेच फसतात.

मोयेतेस हा दुसरा पर्याय. पावाच्या अर्ध्या भागावर घोटलेल्या बिया आणि वितळलेलं चीज. इथे मान्तेकाचा प्रश्न. केसादिया, म्हणजे सारण घालून दुमडलेली टॉर्टिया, मागताना शहरातली एक खोड माहीत असू द्या: मेक्सिको सिटीत केसादियात चीज असतंच असं नाही. कोन केसो स्पष्ट म्हणा. चिलाकिलेस, म्हणजे साल्सात भिजवलेले टॉर्टियाचे तळलेले तुकडे, कोंबडीशिवाय मागता येतात, पण साल्साचा प्रश्न तिथेही सुटत नाही. टॉर्टिया मक्याच्या घ्या. मैद्याच्या टॉर्टियात चरबी असू शकते.

प्रश्न एकेका पदार्थासाठी वेगळा विचारा. 'हे सगळं शाकाहारी आहे ना?' असं एकदम विचारलं तर पाहुण्याला नाराज करू नये म्हणून हो म्हटलं जातं. चिठ्ठी दाखवा, मेनूतल्या नावावर बोट ठेवा आणि येवा मान्तेका, येवा काल्दो दे पोयो, हे दोन प्रश्न विचारा. तिने आत जाऊन विचारून येते म्हटलं तर फार बरं, उत्तर स्वयंपाकघरातून येतंय. तिला वेळ द्या. उत्तर डळमळीत वाटलं तर तो पदार्थ सोडा.

तिखटाबद्दल: पिका? विचारा. कोल्हापूरच्या माणसालासुद्धा विचारायला सांगेन, कारण तिथल्या मिरचीचा झटका वेगळ्या जागी लागतो, घशात मागे, आणि उशिरा. साल्साचा एक थेंब टॉर्टियाच्या टोकाला लावून अर्धा मिनिट थांबा, मग वाढून घ्या.

> सावधान: पदार्थ आल्यावर पहिला घास घेण्याआधी शाकाहारी माणसाच्या ताटात काट्याने एन्चिलादा उघडून बघा. दुपारच्या गर्दीत ताटांची अदलाबदल होऊ शकते. ताटं एकसारखीच, पांढऱ्यावर निळ्या चिनी नक्षीची, आणि वरून सगळ्या एन्चिलादा सारख्याच दिसतात.

शेजारून जाणारं अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून प्रोवेचो म्हणेल. सावकाश, पोटभर जेवा, असा त्याचा भाव. हसून *ग्रासिआस* म्हणा. उठताना शेजारच्या टेबलाला तुम्हीही प्रोवेचो म्हणा. आमच्या बाबांना हा एक शब्द इतका आवडला की पुढचे तीन दिवस ते प्रत्येक ठिकाणी म्हणत होते.

८. बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही. ग्राहकाला उठवल्यासारखं होऊ नये म्हणून ते आणत नाहीत, दुर्लक्ष म्हणून नाही. ला क्वेन्ता, पोर फावोर.

मेनूतल्या किमतीत कर धरलेला असतो, अमेरिकेसारखा वरून लागत नाही. टिप, म्हणजे *प्रोपिना*, १० ते १५ टक्के. अमेरिकेच्या सवयीने २० टक्के द्यायची गरज नाही, पण काहीच न देणंही बरं नाही. आधी बिलावर प्रोपिना किंवा सेर्विसिओ लावलंय का ते बघा. कार्डाचं मशीन टक्के विचारतं, ते तुम्ही सांगायचं. मशीनने पेसो की डॉलर विचारलं तर पेसो निवडा, नाहीतर बदलाचा दर महाग पडतो. टिपेपुरते सुटे पेसो जवळ असले तर रोख द्या.

९. निघताना

दुकानाच्या मिठाईच्या काउंटरवर घरी न्यायला चॉकलेट मिळतं. जेलीसारखे रंगीत गोड पदार्थ घेताना वेष्टनावर *ग्रेनेतिना* शब्द शोधा. ते जिलेटिन, म्हणजे प्राणिजन्य.

पाय चालत असतील तर तोर्रे लातिनोआमेरिकानाच्या गच्चीवर जा. तिथून खाली बघितलं की मघाचा काचेचा चौकोन दगडी छपरांच्या मधे दिसतो, आणि आई-बाबांना कुठे बसलो होतो ते बोटाने दाखवता येतं. थकले असतील तर सिंको दे मायोच्या बाजूने बाहेर पडून तिथेच गाडी बोलवा.